दारावरची दुसरी ओळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागीं आयोवा नांवाचें संस्थान आहे. मका आणि डुकरें हें तेथील मुख्य धन. त्याच्या वायव्य भागांत स्टॉर्म लेक म्हणून अकराएक हजार वस्तीचें एक गांव आहे. अशा आडगांवीं इंग्रजी पाट्या दिसाव्यात हें ओघानेंच आलें. परंतु त्यांच्या शेजारीं ‘पानादेरिया’ म्हणजे पावाची भट्टी, ‘कार्निसेरिया’ म्हणजे मांसाचें दुकान, अशा स्पॅनिश पाट्याही प्रवाशाच्या नजरेस पडतात. मेक्सिकोची सरहद्द येथून सुमारें हजार मैल दूर. मग ही भाषा येथें आली कशी?

तिला कारखान्यांनीं आणलें. पूर्वीं जनावरें आगगाडीनें शिकागोसारख्या शहरांत नेऊन तेथें कापीत असत. १९६० नंतर कंपन्यांनीं उलट मार्ग धरला: जेथें जनावर तेथेंच कारखाना. आयोवांतील डेनिसन गांवीं १९६१ सालीं असा कारखाना निघाला आणि ही पद्धत पुढें सर्वत्र पसरली. काम कष्टाचें, सुरीच्या धारेवरचें आणि मजुरी बेताची. गांवचीं तरुण मुलें तर शहरांकडे निघून गेलेलीं. त्यांच्या जागीं मेक्सिको व मध्य अमेरिका येथून पुष्कळ मजूर आले. त्यांच्या मागोमाग बायकामुलें आलीं आणि त्यांच्याबरोबर दुकान, दवाखाना व शाळा यांची गरज आली.

अशी पाटी अभिमानापोटीं नव्हे, गरजेपोटीं लागते. ओल्या फरशीवर ठेवण्याच्या पिवळ्या फलकावर इंग्रजीखालीं स्पॅनिश सूचना अमेरिकेंत ठिकठिकाणीं आढळते. घसरून पडणाऱ्याला कोणती भाषा येते हें विचारून त्याचें हाड मोडत नाहीं!

जुन्या रहिवाशांच्या मनांत मात्र खंत असते, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. ज्या रस्त्यावर जन्म गेला तेथील पाटी वाचतां येऊं नये, यानें मनुष्याला आपल्याच गांवांत पाहुण्यासारखें वाटूं लागतें. आयोवानें २००२ सालीं इंग्रजी ही सरकारी कामाची भाषा ठरविणारा कायदा केला. तरी त्यांत आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठीं सवलत ठेवावीच लागली. पुढें १ मार्च २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं इंग्रजी ही साऱ्या देशाची अधिकृत भाषा असल्याचा हुकूम काढला.

परंतु ही खंत बाळगणाऱ्या कित्येकांच्या पणजोबांची भाषा तरी कोणती होती? आयोवांत जर्मन, डच, डेनिश, नॉर्वेजियन बोलणारीं कुटुंबें हजारोंनीं वसलीं होतीं. पहिल्या महायुद्धांत, २३ मे १९१८ रोजीं, गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनीं शाळा, आगगाडी, सार्वजनिक जागा, टेलिफोन आणि प्रार्थनामंदिर येथें इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेस बंदी केली. टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल स्कॉट परगण्यांतील शेतकरी स्त्रियांना दंडादाखल रेडक्रॉसला पैसे भरावे लागले. शेजारच्या नेब्रास्कांत रॉबर्ट मेयर या शिक्षकास दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन वाचून घेतल्याबद्दल १९२० सालीं दंड झाला. सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं मेयर यांच्या बाजूनें निकाल दिला आणि आयोवांतील तशाच निर्बंधाचाही पाडाव झाला. त्या कुटुंबांचीं नातवंडें आज इंग्रजीच बोलतात; पण आजीला स्वतःच्या देवापुढें मुकें व्हावें लागलें, ही आठवण मागें राहिली.

नव्या वस्तीचीं मुलेंही तेथील शाळांत इंग्रजी शिकत आहेत. दवाखान्यांत आईचें दुखणें डॉक्टरास सांगण्याचें काम पुष्कळदां शाळकरी मुलीवरच येतें. तें कोवळ्या वयाला जड ओझें आहे, आणि दारावरची दुसरी ओळ त्यांतलें थोडें उचलते. ती पुसल्यानें पहिली ओळ अधिक ठळक होत नाहीं. जुन्या माणसांनीं ही ओळ पाहून आपलें गांव परक्यांच्या हातीं गेलें असें म्हणावें, कीं आपल्याच आजीला जें मिळालें नाहीं तें दुसऱ्या कोणाच्या आजीला मिळत आहे असें म्हणावें, हें त्यांचें त्यांनींच ठरवावयाचें आहे.