वजनाच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वे



हल्ली हळदीकुंकवाला वाणापेक्षा वजनाच्या गोळ्यांचीच चर्चा अधिक. एकीला लागू पडली की दुसरी तिच्याकडून नाव लिहून घेते. निदान ती पोटात जाऊन करते काय, एवढे तरी समजून घेऊ.

ऑर्लिस्टॅट नावाची कॅप्सूल अंगावरची चरबी वितळवीत नाही. तेल-तूप पचविणारा जो रस आतड्यात असतो, त्याला ती अडविते. मग जेवणातला सुमारे ३० टक्के स्निग्धांश न पचता बाहेर पडतो. (वर भजी खाल्ली तर लुगडे खराब होण्याची पाळी येते, येथे सगळ्या बायकाच आहोत म्हणून सांगते.) पण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशातूनच अंगी लागतात. तीही त्याबरोबर निघून जातात. म्हणून जीवनसत्त्वांची गोळी हिच्यासोबत गिळू नये. रात्री निजताना घ्यावी. थायरॉईडची गोळी तर चार तास लांब ठेवावी.

२०२५ साली आपल्याकडे आलेले टिर्झेपाटाइडचे इंजेक्शन निराळे. ते आतड्यातील संप्रेरकांची नक्कल करते, त्यामुळे भूक मंदावते. बंद केले की भूक परत येते, आणि बहुतेकींचे वजनही.

जीवनसत्त्वांनी मात्र वजन उतरत नाही. जास्तीचे क लघवीवाटे जाते. अ आणि ड अंगात साठतात व अति झाल्यास बाधतात. दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या मुलींनी वजनाच्या औषधांच्या वाटेस जाऊच नये.