व्यवसायाची निवड आणि तिचे मोल



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा गेल्या पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याचा प्रसंग आहे. तो मांडताना पुढील पिढीचा विचार ओघानेच येतो. केडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात हा विचार सभेत कमी आणि घरात अधिक होतो. रात्री दुकान वाढवून मंडळी जेवायला बसली की विषय निघतो : मुलगा गादीवर बसणार की पुण्याला नोकरी करणार? एका बाजूला वडिलांनी तीस-चाळीस वर्षे जपलेली पेढी आणि जोडलेली गिऱ्हाइके असतात. दुसऱ्या बाजूला सकाळच्या गाडीने पुणे गाठणाऱ्या मुलाचे स्वप्न असते. दोन्ही बाजू खऱ्या असतात, परंतु मोकळेपणाने कोणीच बोलत नाही. मग मुलगा नाइलाजाने गादीवर बसतो, नाही तर अपराधी मनाने घर सोडतो. दोन्ही प्रकारांत घराचे नुकसानच होते.

या संदर्भात आपल्याच समाजात जन्मलेल्या दोन थोर पुरुषांचे स्मरण उचित ठरेल.

शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर सर्वांना परिचित आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. महाविद्यालयीन शिक्षण पदवीपूर्वीच सुटले आणि रीतीप्रमाणे ते पेढीवर आले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेबांधणीची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. पुढे १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची उभारणी झाली आणि ५ एप्रिल रोजी 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या कंपनीला जेरीस आणले, तरी शेठजींनी माघार घेतली नाही. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा आणि १९४४ मध्ये मुंबईला मोटारींचा कारखाना त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. जहाज निघाले तेव्हा शेठजींचे वय छत्तीस वर्षांचे होते. जीवनातील मोठे कार्य त्यांना अठराव्या वर्षी सापडले नव्हते. दोन व्यवसाय पाहिल्यानंतर ते हाती आले. दुसरे असे की, त्यांनी पेढी सोडली, परंतु पत, जोखीम आणि हिशेब यांचे घरात मिळालेले शिक्षण सोडले नाही. तेच पुढे रुळांवर, समुद्रावर आणि कारखान्यात उपयोगी पडले.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकपर्यंतही शिक्षण गेले नाही. त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांचे आणि ओगल्यांच्या काचमालाचे विक्रेते म्हणून काम केले. या फिरतीच्या कामात खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांना जवळून दिसले. १९१९ सालीच त्यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह निघाले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मार्ग हजारो गरीब मुलांचा आधार झाला. जी विक्रेत्याची नोकरी लोकांच्या दृष्टीने केवळ पोटापाण्याची होती, तिनेच त्यांना जीवनकार्य दाखविले.

परंतु या निवडीचे मोल एकट्या कर्मवीरांनी दिले नाही. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवले नाही. कर्मवीरांचे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु त्या नावामागे लक्ष्मीबाईंचा त्याग उभा आहे. म्हणून कोणी आपल्या आवडीचा मार्ग धरतो, तेव्हा त्याचा भार घरातील कोणावर पडणार, हे आधी विचारात घेतले पाहिजे आणि त्या व्यक्तीची संमती घेतली पाहिजे.

स्त्रियांचा विषय निघाला की केडगावकरांना दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथेच 'मुक्ती'ची स्थापना केली. १८९६-९७ च्या दुष्काळात आश्रयास आलेल्या निराधार स्त्रियांना त्यांनी अन्नवस्त्राबरोबर शेती, विणकाम आणि छपाई यांचे शिक्षण दिले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे याच गावात स्त्रियांच्या हातांनी जुळविले गेले. धर्माचा मार्ग भिन्न असला तरी हातात कसब आले की माणूस आपल्या पायावर उभा राहतो, हा धडा सर्वांना सारखाच आहे. तरीही आजच्या घरात भवितव्याची चर्चा बहुधा मुलाचीच होते. मुलीला गुण चांगले असतात, दुकानाचा हिशेबही ती भावापेक्षा चोख ठेवते, परंतु "तुला काय करायचे आहे?" हा प्रश्न तिला क्वचितच विचारला जातो.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिले स्थान 'न्यायसंपन्न वैभव' या गुणाला दिले. धन न्यायाने मिळविलेले असावे, ही मुख्य अट आहे. ती पाळणाऱ्या मुलाने कापड मोजले काय किंवा संगणकावर काम केले काय, कुळाला उणेपणा येत नाही. अट मोडली, तर वडिलोपार्जित गादीही त्याला तारू शकत नाही.

तेव्हा काही गोष्टी घरोघरी व्हाव्यात, ही नम्र विनंती. मुलाला वेगळा मार्ग धरायचा असेल तर त्याला दोन-तीन वर्षांची मुदत मोकळ्या मनाने द्यावी आणि त्या काळात टोमणे मारू नयेत. मुलानेही किती पैसा लागेल, तो कोठून येईल आणि जमले नाही तर पुढे काय, हे वहीवर लिहून वडिलांसमोर ठेवावे. तो परत आला तर त्यास हार समजू नये, कारण बाहेर शिकलेले दुकानातही कामास येते. मुलगी दुकान चालवू इच्छित असेल तर गल्ल्याच्या किल्ल्या तिच्या हाती देण्यास संकोच करू नये. आणि पेढी बंद करण्याचीच वेळ आली, तर वीस-पंचवीस वर्षे इमानाने राबलेल्या गुमास्त्याची सोय सर्वांत आधी लावावी. मुलाच्या स्वप्नाची किंमत त्या गरिबाच्या संसाराने चुकती होता कामा नये.

पन्नास वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांनी आपापले दुकान सांभाळून ही संस्था उभी केली. पुढील पन्नास वर्षांत तिचा कारभार पाहणारे कोणी व्यापारी असतील, कोणी अभियंते, कोणी शिक्षिका. त्यांनी निवडलेले काम मनापासून आणि न्यायाने करावे, आणि ते निवडण्याची मोकळीक त्यांना आजच्या वडिलांनी द्यावी, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!