पाणी तोडू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण लहान मुलांच्या जुलाब-ओकाऱ्यांविषयी तुम्हीच बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मलाच का, ते आधी सांगते.

मी आठ वर्षांची असताना माझ्या दहा महिन्यांच्या भावाला ओकाऱ्या सुरू झाल्या. मग थोडा ताप आणि पाण्यासारखे जुलाब. वडीलधाऱ्यांनी सांगितले, "पोटात काही ठरत नाही, तेव्हा पाणी तोडा." आई कामाला लागली की मी त्याच्यापाशी बसे. तो तांब्याकडे हात करी आणि मी तांब्या मागे सरकवी. मला तसेच बजावले होते. त्याची टाळू खोल गेली. आम्ही टाळूवर तेल घातले, दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याच्यावर कोणाची माया कमी नव्हती. कमी होते ते ज्ञान. टाळू बसणे हा निराळा रोग नव्हे, अंगातले पाणी आटल्याची ती खूण आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी नर्सबाईंकडून कळले.

मुलांच्या अशा जुलाबांचे एक मोठे कारण म्हणजे रोटा नावाचा विषाणू. 1973 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रूथ बिशप या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी मुलांच्या आतड्यात शोधून काढला. तो चाकासारखा दिसतो, आणि लॅटिन भाषेत रोटा म्हणजे चाक. नोरो वगैरे त्याचे आणखी भाऊबंद आहेत. हा विषाणू आतड्याचे आतले अस्तर खराब करतो, त्यामुळे पाणी अंगात जिरत नाही. जंतूंवरच्या गोळ्यांनी तो मरत नाही. म्हणून मनाने औषध आणून देऊ नये. आजार बहुधा काही दिवसांत आपला आपण ओसरतो. तोवर मुलाच्या अंगातले पाणी टिकवणे, हेच आपले काम.

ते कसे टिकवायचे? साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असली, म्हणजे आतडे दोन्ही आत ओढून घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. 1971 साली बांगला देशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातलगांच्याच हातून पाजवले. जेथे शेकडा वीस-तीस माणसे दगावत होती, तेथे हे प्रमाण चाराच्या खाली आले. आईबापांच्या हातून हे काम झाले, हे ध्यानात घ्या.

दवाखान्यात मिळणारी ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी एकदम घालावी. चिमूट चिमूट वापरू नये. लहान पुडीवर पाण्याचे माप लिहिलेले असते, ते वाचावे. चोवीस तासांनी उरलेले पाणी टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ याहून जास्त पडता कामा नये. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. खाणाऱ्या मुलाला पेज, मऊ भात द्यावा. झिंकच्या गोळ्या नर्सबाई सांगतील तशा, जुलाब थांबले तरी, चौदा दिवस पूर्ण कराव्यात.

मात्र मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी कमी झाली, पोटात काहीच ठरेना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी बसू नये. तडक दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाजत राहावे.

रोटावर लसही आहे. सहा, दहा व चौदा आठवड्यांना ती तोंडावाटे देतात. आपल्या देशाने 2016 साली चार राज्यांत ती सरकारी लसीकरणात आणली आणि 2019 साली सगळीकडे. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. तिने सगळेच जुलाब थांबत नाहीत, पण रोटाचा जोर पुष्कळ कमी होतो. शिवाय मुलाचे शौच धुतल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. हा विषाणू स्वच्छ घरातही शिरतो, म्हणून मूल आजारी पडले तर कोणी कोणाच्या सुनेला बोल लावू नये.

गेल्या थंडीत माझ्या लेकीच्या आठ महिन्यांच्या बाळाला असेच झाले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दात येत असतील, थोडे उपाशी ठेवा." मी त्यांना नमस्कार केला आणि वाटी-चमचा घेऊन बसले. लेक दूध पाजी, मी ओआरएसचे पाणी. रात्रभर तेच चालले. पहाटे बाळाने दुपटे ओले केले, तेव्हा मला रडू आले. लेकीला कारण कळले नाही. आज ती येथे बसली आहे. आता तिला कळले असेल.

भगिनींनो, प्रत्येकीने आज घरी जाऊन मिठाच्या बरणीशेजारी ओआरएसच्या दोन पुड्या ठेवाव्यात, एवढेच मागणे आहे. तहानलेल्या लेकरापुढून तांब्या मागे सरकवण्याची वेळ कोणत्याही मुलीवर येऊ नये.