मनाची गोळी चालू आहे, हृदय कोण बघतंय?

आजचा विषय जरा जड आहे. स्किझोफ्रेनियासाठी वर्षानुवर्षं घ्याव्या लागणाऱ्या अँटिसायकोटिक गोळ्या, आणि आपलं हृदय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा काका १४ वर्षं ओलान्झापिन घेतोय, म्हणून यात शिरलो.

हृदयाला त्रास मुख्यतः दोन वाटांनी होतो. पहिली वाट विजेची. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात आणि पुढच्या ठोक्याला तयार होतात. काही औषधं ही वाट अडवतात. मग ईसीजीत ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबतं. ते ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं, तर लय बिघडून माणूस अचानक कोसळू शकतो. थायोरिडाझिन हे जुनं औषध याच धोक्यामुळे २००५ साली मूळ कंपनीने बाजारातून काढून घेतलं. अझिथ्रोमायसिनसारखी नेहमीची अँटिबायोटिकही क्यूटी वाढवू शकते. म्हणून घसा दुखला तरी केमिस्टकडून परस्पर गोळी आणू नका.

दुसरी वाट हळू चालते. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने भूक वाढते. वजन, साखर, ट्रायग्लिसराइड चढत जातात. रोज बघणाऱ्याला काही कळत नाही.

मग गोळी बंद करायची? अजिबात नाही. फिनलंडमध्ये ६२,२५० रुग्णांची माहिती २० वर्षांपर्यंत तपासली, २०२० साली ती छापून आली. औषध चालू असताना मृत्यूचं प्रमाण औषध नसतानापेक्षा कमी होतं. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचंसुद्धा.

खरी अडचण वेगळीच आहे. मानसोपचारतज्ज्ञ झोप विचारतात, भास विचारतात. फॅमिली डॉक्टर फाइल बघून म्हणतात, ‘ते तुमच्या त्या डॉक्टरांनाच विचारा.’ मधल्या जागेत हृदय कुणाचंच नाही. १४ वर्षांत काकाचा एकही ईसीजी कुणी सांगितला नव्हता. शेवटी आम्हीच मागून घेतला. ईसीजी नॉर्मल आला, पण उपाशीपोटीची साखर १३८ निघाली. आता तिच्यावर उपचार चालू आहेत, आणि मनाची गोळीही चालूच आहे.

तुमच्या घरात कुणी या गोळ्या घेत असेल, तर पुढच्या भेटीत एवढंच विचारा: ‘डॉक्टर, शेवटचा ईसीजी, साखर आणि लिपिड कधी केलं होतं?’ वजन आणि कंबरेचं माप घरीच वहीत लिहा. चक्कर, धडधड, शुद्ध हरपणं, असं काही झालं तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, लगेच दवाखान्यात जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.