कृपा म्हणजे उचल नव्हे

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या गुरुजींनी केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एका वयोवृद्ध बंधूंनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "गुरुजी, तुम्ही नेमकं मानता तरी काय?" दुसरा, "इतकी वर्षं पारधी बांधवांत काम चाललंय, बाप्तिस्मे किती झाले?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न प्रामाणिक होते आणि विचारणाऱ्याने आपल्या पेन्शनमधून या कामाला वर्षानुवर्षे हातभार लावला आहे. त्यांचे उत्तर देणे बाकी आहे. ते आज देतो.

माझा जन्म ख्रिस्ती घरातला. आमची मंडळी धर्मसुधारणेच्या परंपरेतली, ज्या परंपरेला आपण रिफॉर्म्ड म्हणतो. ल्यूथरने १५१७ साली जर्मनीत जो वाद उभा केला आणि कॅल्व्हिनने जिनिव्हात ज्याची मांडणी केली, ती शिकवण स्कॉटलंडमार्गे आपल्या मराठवाड्यात आली. ती आणणारा माणूस मात्र मराठीच होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून त्यांनी आपल्या शेजारच्या जालन्याला काम उभे केले आणि निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसवले. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी ते गाव होते.

लहानपणी मला प्रश्नोत्तरे पाठ होती. माणसाचा मुख्य हेतू काय, देव कोण, पाप म्हणजे काय, सगळे घडाघडा म्हणायचो. पण पाठ असणे वेगळे आणि पटणे वेगळे. मला ती शिकवण खऱ्या अर्थाने पटली ती २०१६ साली, दुष्काळात, आष्टी तालुक्यातल्या एका पालासमोर.

ते वर्ष आपल्याला आठवत असेल. विहिरी कोरड्या, जनावरे छावणीत, माणसे टँकरच्या रांगेत. शेजारच्या लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपण पाठवलेल्या पैशांतून आम्ही ज्वारी, तूरडाळ आणि तेल वाटले. एक फासेपारधी कुटुंब होते. नवरा, बायको आणि तीन लेकरे. धान्य मिळाल्यावरच्या रविवारी सगळे उपासनेला आले. पुढच्या रविवारीही आले. मला आनंद झाला. खरे सांगतो, मी वहीत त्यांची नावे लिहिली आणि पुढच्या अहवालात काय लिहायचे याचे वाक्यही मनात जुळवले. पाऊस पडला, वाटप थांबले आणि ते यायचे थांबले.

मला राग आला. मी मोटारसायकल काढली आणि त्यांच्या पालावर गेलो. तो बाहेर बसून जाळे विणत होता. मी म्हणालो, "का रे, देवाला विसरलास का?" तो उठला, हात जोडले आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "गुरुजी, फिटली न्हाई का अजून? आमी मोजून आठ आयतवार आलो. अजून किती ऱ्हायलेत तेवढं सांगा, येतो."

बंधूंनो, बीड जिल्ह्यातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. हंगामाआधी मुकादम रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. मग ऊस तोडून तोडून ती उचल फेडायची. एक दिवस आजारी पडला तर खाडा, त्याचा दंड. हंगाम संपला तरी पुष्कळांची उचल फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात जावे लागते.

तो माणसाला ओळखायला शिकला होता. त्याला वाटले, धान्य ही उचल आहे, रविवार हे तिचे हप्ते आहेत आणि गुरुजी मुकादम आहेत. त्याचे काय चुकले? मी वही घेऊन खाडे मोजायलाच तर गेलो होतो.

त्या रात्री झोप आली नाही. मी रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. तिथे पौल मजुरी आणि देणगी यांतला फरक सांगतो. जो काम करतो त्याला मिळते ते त्याच्या हक्काचे, त्याला कोणी उपकार म्हणत नाही. पण देव ज्याला नीतिमान ठरवतो, त्याच्या हातात दाखवायला काहीच काम नसते. हा अध्याय मी अनेकदा शिकवला होता. त्या रात्री तो मला शिकवला गेला. मी देवाशीही उचलीचाच व्यवहार करत होतो. त्याने मला तारण दिले आणि मी वसतिगृह चालवून ते फेडतोय, असे मनातल्या मनात धरून चाललो होतो.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मी काय मानतो?

मी मानतो की पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आहे आणि विश्वासाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. माझा नाही, पाळकसाहेबांचा नाही, मिशनचाही नाही. म्हणूनच मला त्या रात्री शास्त्रापुढे मान खाली घालावी लागली.

मी मानतो की सर्व माणसे पापात जन्मतात. ही शिकवण पुष्कळांना कठोर वाटते. पण पारधी वस्तीवर तिच्याकडे बघा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. आपला जिल्हा तेव्हा निजामाकडे होता, पण शिक्क्याला सरहद्द नसते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी आजही गावात चोरी झाली की आधी पालावर धाड पडते. त्या कायद्याने सांगितले, हे जन्मतः गुन्हेगार आणि बाकीचे सज्जन. शास्त्र सांगते, देवाच्या न्यायासनापुढे सगळे एकाच रांगेत आहेत. पारधी, पाटील, फौजदार आणि हा गुरुजी. तिथे कोणाला कोणाकडे बोट दाखवता येत नाही. आणि तेच शास्त्र सांगते की सगळे देवाच्या प्रतिमेत निर्माण झाले आहेत. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायांची गर्भाशये काढलेली आढळली. ती बातमी वाचताना मला उत्पत्तीचा पहिला अध्याय आठवला. कामात खाडा पडू नये म्हणून ज्यांचे शरीर असे झिजवले गेले, त्या देवाची प्रतिमा आहेत. याबद्दल गप्प राहणे हेही पापच आहे.

मी मानतो की तारण केवळ कृपेने, केवळ विश्वासाच्या द्वारे आणि केवळ ख्रिस्तामुळे मिळते. आमची बाकी ख्रिस्ताने वधस्तंभावर चुकती केली. अर्धी त्याने भरली आणि अर्धी आमच्या नावावर ठेवली, असे नाही. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घरी जाऊन पुन्हा वाचा. आणि त्याच ठिकाणी पुढे सत्कृत्यांविषयी काय म्हटले आहे तेही वाचा. सत्कृत्ये कृपेच्या मागून येतात, पुढे चालत नाहीत. कर्ज फिटलेला माणूसही शेतात जातो, पण आता तो आपल्या घरच्या शेतात जातो.

मी मानतो की देव सार्वभौम आहे. दुष्काळ त्याच्या हाताबाहेर नव्हता. पण तो का आला हे मला कोणी विचारले तर मी ईयोबाच्या मित्रांसारखे उत्तर देणार नाही. कोणाच्या पापामुळे पाऊस पडला नाही, असे सांगण्याचा अधिकार मला दिलेला नाही. मला टँकर बोलावण्याचे काम दिलेले आहे.

आणि मी मानतो की ज्यांचे तारण व्हायचे त्यांना देवानेच निवडले आहे, आणि अंतःकरण उघडणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. काही जण विचारतात, मग सुवार्ता सांगायची कशाला? विल्यम केरी यांच्याकडे बघा. ते बाप्टिस्ट होते, पण देवाच्या निवडीवर त्यांचा ठाम विश्वास होता. १७९३ साली ते बंगालमध्ये आले. एका हिंदी माणसाचा पहिला बाप्तिस्मा व्हायला १८०० सालचा डिसेंबर उजाडला. सात वर्षे हात रिकामे. ते परत गेले नाहीत, आणि कोणाला लालूचही दाखवली नाही. भाषांतर करत राहिले. मराठी नवा करार १८११ साली त्यांच्याच सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. पीक देवाचे आहे हे ज्याला ठाऊक, तो धीराने पेरू शकतो.

आता दुसरा प्रश्न. बाप्तिस्मे किती?

त्या माणसाकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. म्हणालो, "दादा, माझी चूक झाली. ती उचल नव्हती. तुझ्याकडे काही बाकी नाही. ज्या देवाविषयी मी सांगतो तो मुकादम नाही, पण माझ्याकडे बघून तुला तसं वाटलं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितले. त्याच्या घरचा चहा मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो. तोपर्यंत मी फक्त देणारा होतो.

तो आजही उपासनेला येत नाही. त्याची धाकटी मुलगी तेव्हा पहिलीत होती, आता आपल्या वसतिगृहात राहून माध्यमिक शाळेत शिकते. ऊसतोडीला गेली नाही, लग्नही लावले नाही. एवढे मला सांगता येते. मी त्या कुटुंबासाठी रोज प्रार्थना करतो आणि त्याने विचारले तर येशूविषयी मोकळेपणाने सांगतो. लपवण्यासारखे त्यात काही नाही. पण ज्वारीच्या पोत्याला सुवार्तेची दोरी बांधायची नाही, हे आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवले आहे. गावात लोक आमच्याकडे संशयाने बघतात, त्यालाही माझे हेच उत्तर आहे.

म्हणून वयोवृद्ध बंधूंना माझे नम्र सांगणे आहे. आकडा मी देणार नाही. लपवायचा आहे म्हणून नाही. ती वही मी बंद केली आहे. नावे लिहिण्याचे पुस्तक दुसऱ्याच्या हातात आहे आणि त्याच्या हातून एकही नाव सुटत नाही.

आपणही देणगी पाठवता तेव्हा देवाची उचल फेडतो आहोत असे समजू नका. ती त्याने फेडून टाकली आहे. मोकळ्या माणसासारखे द्या. आणि या हंगामात जी लेकरे आईबापांमागे न जाता वसतिगृहात राहिली आहेत, आणि जे आईबाप आज या घटकेला फडात वाकून ऊस तोडत आहेत, त्यांना प्रार्थनेत आठवा.

देवाचे गौरव असो. आमेन.