दोन कोठारांमधील वाट

हैदराबादेतील एखादे रुग्णालय आपल्या क्ष-किरणचित्रांचा साठा मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवते. मग प्रश्न उरतो तो मधल्या वाटेचा. इंटरनेटवरून व्हीपीएनचा, म्हणजे सांकेतिक मजकुराचा, बोगदा काढला तर काम स्वस्तात व लवकर होते. पण वाट सार्वजनिक, गर्दीचा नेम नाही. स्वतंत्र भाड्याच्या वाहिनीस आठवडे व पैसा लागतो, वेग मात्र ठरलेला मिळतो. (तिच्यावरील मजकूर आपोआप सांकेतिक होत नाही, हे पुष्कळ जण विसरतात.) रुग्णालयातील संच जळाले, तर १० टेराबाइट परत आणण्यास सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाने सव्वानऊ दिवस लागतील, १ गिगाबिटने सुमारे २२ तास. शस्त्रक्रियेसाठी खोळंबलेल्या रोग्याला नऊ दिवस कोठून मिळणार? तेव्हा वाहिनीच घ्यावी, बोगदा राखीव असावा, आणि दोन्ही तारा एकाच चरातून गेलेल्या नाहीत ना, हे करारापूर्वी विचारून घ्यावे.