ऑक्सफर्डची बस आणि रस्त्यावरील हक्क



शहरी वाहतुकीचा विचार बहुधा वाहनांपासून सुरू होतो. बसगाड्या किती, मोटारी किती, तिकीट किती, असे प्रश्न आधी विचारले जातात. वस्तुतः तो रस्त्यापासून सुरू व्हावयास हवा. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि जुन्या शहरात ती वाढविता येत नाही. तिचा वापर कोणी, किती आणि कोणत्या मोबदल्यात करावयाचा, हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा तितकाच राजकारणाचा आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड या विद्यापीठनगरीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऑक्सफर्डला रेल्वे १८४४ साली आली आणि घोड्यांची ट्राम १८८१ मध्ये सुरू झाली. १९१३ साली विल्यम मॉरिस या उद्योजकाने शहरालगतच्या काउली येथे मोटारींचे उत्पादन सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने नगरपालिकेच्या परवान्याची वाट न पाहता रस्त्यावर मोटारबसही आणल्या. बसमध्ये पैसे घेणे बेकायदा ठरले असते, म्हणून प्रवासाची कुपने दुकानांतून विकली गेली. लोकांनी त्या बस उचलून धरल्या आणि पुढल्याच वर्षी घोड्यांची ट्राम इतिहासजमा झाली. ज्या कारखानदाराच्या मोटारींनी पुढे शहराचे रस्ते व्यापले, त्यानेच तेथे प्रथम सार्वजनिक बस लोकप्रिय करावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची गर्दी असह्य झाली. हाय स्ट्रीटवरील भार हलका करण्यासाठी क्राइस्ट चर्च कॉलेजच्या कुरणातून नवा रस्ता काढावा, असा प्रस्ताव पुढे आला व त्यावर अनेक वर्षे कडाक्याचा वाद चालला. अखेरीस तो मार्ग सोडण्यात आला आणि १९७३ साली शहराने निराळे धोरण स्वीकारले. मध्यवर्ती भागात मोटारींना जागा वाढवून न देता बस, सायकल आणि पादचारी यांना अग्रक्रम द्यावयाचा, हे त्याचे सूत्र होते. त्याच वर्षी शहराच्या वेशीवर रेडब्रिज येथे मोटार उभी करून पुढे बसने जाण्याची ‘पार्क अँड राइड’ सोय झाली. १९९९ मध्ये कॉर्नमार्केट हा मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांना मोकळा झाला व हाय स्ट्रीटवरून दिवसा आरपार मोटार नेण्यास बंदी आली. हे निर्णय बाजारपेठेने घेतलेले नव्हते. लोकनियुक्त संस्थांनी घेतलेले होते.

मध्यंतरी थॅचर सरकारचा १९८५ चा वाहतूक कायदा आला. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरील बसमार्ग स्पर्धेस खुले झाले. ऑक्सफर्डमध्ये दोन कंपन्यांची चुरस लागली, छोट्या बस वारंवार धावू लागल्या आणि उतारूही वाढले. खाजगीकरणाचे समर्थक या उदाहरणाचा आवर्जून दाखला देतात, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेच धोरण लागू झालेल्या मोठ्या औद्योगिक महानगरांत उतारूंची संख्या घसरत गेली. उलट, जेथे मार्ग आणि भाडे सार्वजनिक संस्था ठरवीत राहिली, त्या लंडनमध्ये ती पुढे वाढली. मग ऑक्सफर्डचे यश कशाचे? मोटारींवर आधीच घातलेल्या मर्यादांचे, हेच त्याचे सरळ उत्तर. शिवाय स्पर्धेने त्याच मोजक्या फायदेशीर रस्त्यांवर बसगाड्यांच्या रांगा लावल्या. परिणामी २०११ साली दोन्ही कंपन्यांना नगरशासनाच्या पुढाकाराने वेळापत्रकांचा मेळ घालावा लागला व एकमेकींची तिकिटे मान्य करावी लागली. स्पर्धेची परिणती सहकार्यात झाली.

या प्रश्नाला वर्गीय बाजू आहे, ती विसरता येणार नाही. १९३४ साली ऑक्सफर्डच्या उत्तरेस कटस्लो येथे खाजगी घरांच्या विकासकाने शेजारच्या नगरपालिकेच्या चाळकऱ्यांना वेगळे ठेवण्यासाठी रस्त्यावर आडव्या भिंती बांधल्या. कामगार कुटुंबांना हमरस्ता गाठण्यासाठी लांबचा वळसा घालावा लागे. कम्युनिस्ट कार्यकर्ते एब लाझरस यांनी १९३५ मध्ये त्या पाडण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्षात त्या पडल्या १९५९ साली. आज विटांची भिंत नाही, पण घरभाड्याची आहे. रुग्णालयातील परिचारिका आणि कॉलेजातील सफाई कामगार यांना शहरात घर परवडत नाही. ते लांबून येतात. त्यांची पाळी पहाटे सुरू होते वा रात्री संपते. त्यांच्यासाठी वेळेवर येणारी बस म्हणजे वेतनाचाच एक भाग होय.

अलीकडे ऑक्सफर्डमध्ये १५९ विजेच्या बस आल्या. सुमारे सव्वाआठ कोटी पौंडांच्या या योजनेत जवळजवळ निम्मा वाटा सार्वजनिक तिजोरीचा होता. नवी बस कोंडीत अडकून राहिली तर हा खर्च व्यर्थ जाणार, हे उघड आहे. २९ ऑक्टोबर २०२५ पासून शहरातील सहा ठिकाणांवरून विनापरवाना मोटार नेणाऱ्यास दिवसाला पाच पौंड आकार लागू झाला. त्याला विरोधही झाला, आणि तो सर्वस्वी स्वार्थी नव्हता. पाच पौंड श्रीमंताला जाणवत नाहीत. रात्रपाळीच्या कामगाराला जाणवतात. म्हणून आकार आधी आणि बस नंतर, हा क्रम अन्यायाचा ठरतो. वसुलीचा पैसा बससेवेकडे वळला आणि ती सेवा कामगाराच्या वेळेला उपलब्ध झाली, तरच असा आकार न्याय्य म्हणता येईल.

ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बससेवेचे नियंत्रण पुन्हा सार्वजनिक हाती घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण केले. गाड्या खाजगी कंपन्या चालवितात. मार्ग, वेळा व भाडे प्रादेशिक शासन ठरविते. जवळजवळ चार दशकांच्या प्रयोगानंतर इंग्लंड पुन्हा या निष्कर्षाशी आले आहे. ऑक्सफर्डने रस्त्यावरील हक्काचा प्रश्न बराचसा सोडविला. बसवरील हक्काचा प्रश्न अर्धाच सोडविला. रस्ता सर्वांचा, आणि त्यावरील सेवेचा हिशेब मात्र कंपनीच्या ताळेबंदात, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही. ती दूर करणे हे लोकशाही राजकारणाचे काम आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.